शब्दाला किती मिळतात? मराठीत लिहून जोडउत्पन्न मिळवण्याचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतेय. अगदी शब्दशः नाही. बोलताना येणारे 'म्हणजे', 'आपलं ते', 'काय म्हणतात त्याला' काढून टाकलेत, आणि आकडेमोड ऐकताना डोक्यावरून जाते म्हणून ती इथे जरा सविस्तर दिलीय.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. मेल येतात, मेसेज येतात, आणि मजकूर साधारण एकच असतो: "मराठी चांगलं आहे, इंग्रजी समजतं, दिवसाचे दोन-तीन तास मोकळे असतात. घरबसल्या लिहून पैसे मिळतात का हो?" विचारणाऱ्यांत शाळेतल्या शिक्षिका आहेत, बाळ झाल्यावर नोकरी सोडलेल्या ताई आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता खोलीचं भाडं तरी सुटावं असं वाटणारी मुलं आहेत.

तर उत्तर आधीच सांगते. हो, मिळतात. मी स्वतः भाषांतराची आणि लेखनाची कामं घेते, तेव्हा हे ऐकीव नाही. पण किती मिळतात हे 'शब्दाला काय दर' यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं शब्द कोण, कुठल्या फाइलमधले आणि कसे मोजतो यावर. तुमचे तास किती जातात यावर. आणि काम सुरू करण्याआधी तुम्ही काय लिहून घेतलंय यावर. 'लिहून पैसे कमवा' म्हणणारे व्हिडिओ नेमकं हेच वगळतात, म्हणून आज आपण त्याच्यावरच बोलू.

आधी टायपिंगच्या जाहिरातीबद्दल

"घरबसल्या टायपिंग. ५०० पानं टाइप करा, २०,००० रुपये मिळवा." ही जाहिरात तुम्ही पाहिली नसेल असं होणार नाही. फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, लोकलच्या डब्यातसुद्धा चिकटवलेली असते. याला लेखनाचं काम समजून अर्ज करणारे खूप आहेत, म्हणून हे कसं चालतं ते नीट सांगते.

आधी फॉर्म भरून घेतात. आधार, पॅन, पत्ता सगळं देऊन होतं. मग एक इंग्रजी करार ऑनलाइन येतो, त्यावर सही करायला लावतात. तो कुणी वाचत नाही. मग लॉगिन मिळतं आणि पाच-सहा दिवसांत भलीमोठी पानं टाइप करायची असतात. पानं मुद्दाम धूसर, मध्येच विचित्र चिन्हं, कॉपी-पेस्ट बंद. माणूस रात्री जागून काम पूर्ण करतो. सातव्या दिवशी निरोप येतो की तुमची अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आहे, करारभंग झाला, आता पाच-सात हजार भरा नाहीतर कोर्टात केस. मग 'वकील' फोन करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस येते, तिच्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, सगळं साग्रसंगीत. अब्रूला घाबरून माणूस पैसे भरतो, आणि घरी सांगत नाही.

यात टायपिंगचं काम कधी नव्हतंच, मंडळी. धंदा दंडाचा आहे. साधा विचार करा, छापील पानाचा फोटो काढला की मजकूर वेगळा करून देणारी सोय आज प्रत्येक फोनमध्ये आहे. मग तीच पानं हाताने टाइप करायला कोण कशाला वीस हजार देईल?

अशा फोनला पैसे भरून उत्तर देऊ नका. टायपिंगमध्ये चुका होणं हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. मेसेज, नोटीस, नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, सिक्युरिटी डिपॉझिट, नाव काहीही असू दे, काम देणारा काम घेणाऱ्याकडून पैसे मागतो तेव्हा तिथे काम नसतं.

मग खरं काम कुठे असतं?

लोकांना वाटतं लेखन म्हणजे ब्लॉग, कथा, फार तर वेबसाइटचा मजकूर. मराठीत त्यातून पैसे मिळतात, पण तुरळक. आपल्याकडे त्याला 'मानधन' असा सुंदर शब्द आहे. त्यातला मान लगेच मिळतो, धनाचं दिवाळीनंतर बघू म्हणतात.

रोजच्या रोज पैसे देणारं मराठी लिखाण दिसायला फार नीरस असतं. विमा कंपनीची माहितीपत्रकं. म्युच्युअल फंडाचे मेसेज. बँकेच्या अ‍ॅपवरची बटणं. ठिबक सिंचनाच्या संचाबरोबर येणारी पुस्तिका. स्वयंसेवी संस्थेचं आशाताईंसाठीचं प्रशिक्षण साहित्य. हॉस्पिटलांची संमतीपत्रं. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती द्यावी लागते, त्यामुळे तेही मराठीत करावं लागतं. आणि तिथे अजून एक गंमत असते: तुमचं मराठी भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ताडून बघतात. म्हणजे एकाच कागदावर दोघांना काम.

ही बहुतेक कामं भाषांतराच्या एजन्सींमार्फत येतात. एजन्सीला एकाच वेळी आठ-दहा भारतीय भाषांची माणसं लागतात, त्यातले तुम्ही मराठीचे. याशिवाय व्हिडिओंची सबटायटल्स आहेत, ऑडिओसाठी लिहिणं आहे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठीत 'ऐकण्यासाठी लिहिणं' हा एक वेगळाच प्रकार रूढ झाला. मुद्रितशोधन आहे, ज्याला आपण प्रूफ बघणं म्हणतो. आणि तुमच्या शहरातला दातांचा डॉक्टर, क्लासवाले सर, मसाले विकणाऱ्या ताई यांना इन्स्टाग्रामसाठी चार ओळी लागतातच. सुरुवात करायला हे शेवटचं गिऱ्हाईक मला सगळ्यात बरं वाटतं. ते समोर बसतं, आवडलं नाही तर तोंडावर सांगतं.

शब्द मोजायचे, पण कुठले?

आता मुद्द्यावर येते. बाजारात इंग्रजी-मराठी भाषांतराला शब्दाला ४० पैशांपासून दोन-अडीच रुपयांपर्यंतचे दर ऐकायला मिळतात. नवखा माणूस विचारतो, "शब्दाला किती?" समोरचा म्हणतो, "८० पैसे." झालं, ठरलं. पण शब्द इंग्रजीतले की मराठीतले?

हा प्रश्न किरकोळ नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात. इंग्रजीत 'इन फ्रंट ऑफ द हाउस' हे पाच शब्द झाले. मराठीत 'घरासमोर'. एक. इंग्रजीत 'ए', 'अ‍ॅन', 'द' पावलोपावली येतात, मराठीत त्यांना जागाच नाही. त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचं चांगलं, आटोपशीर मराठी केलं तर ते कमीच भरतं. माझ्या फायलींमध्ये बरेचदा ते आठशेच्या आसपास येतं. म्हणजे मराठी शब्द मोजले तर ८० पैशांच्या दराने ८०० रुपयांऐवजी ६४० झाले. जितकं नेटकं लिहाल तितकं नुकसान! आणि 'करण्यात येत आहे', 'च्या माध्यमातून', 'या ठिकाणी' असं फुगवून लिहिलंत तर फायदा. सरकारी मराठीसारखं लिहायला पैसे देणारी ही पद्धत आहे.

माझ्या बाबतीत एका एजन्सीने पूर्ण पुस्तिका झाल्यावर बिलाच्या वेळी सांगितलं होतं की आम्ही मराठी शब्दच धरतो. ठरवताना दोघांच्या मेलमध्ये 'सोर्स वर्डकाउंट' हे शब्द होते, म्हणून ते पैसे मिळाले. सोर्स म्हणजे मूळ फाइल. हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

अजून एक बारकावा. एजन्सी कधी कधी म्हणते की फाइलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांचे पैसे मिळणार नाहीत, किंवा पाव दराने मिळतील. भाषांतराची सॉफ्टवेअर्स जुनी वाक्यं लक्षात ठेवतात, त्यामुळे मागणी अगदीच अवाजवी नसते. पण हजार शब्दांचं काम म्हणून घेतलेलं सहाशे शब्दांच्या पैशाचं निघू नये. पैसे लागणारे शब्द किती, हा आकडा आधी मागून घ्या.

शब्दाचा दर आणि तासाचा दर

हा भाग कागद-पेन घेऊन वाचा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा १,००० शब्दांचं भाषांतर आहे, दर ८० पैसे, म्हणजे ८०० रुपये. पहिला खर्डा तीन तास. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचून सुधारायला एक तास. मेल, शंका, फाइल उघडत नाही, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, मिळून अजून एक तास. एकूण पाच तास. तासाला १६० रुपये पडले.

आता समजा कुणी तुम्हाला शब्दाला दीड रुपया देऊन ८०० शब्दांचा लेख मागितला. 'मधुमेह असणाऱ्यांनी उपवास कसा करावा', असं काहीतरी. १,२०० रुपये. ऐकायला जवळपास दुप्पट दर! पण वाचन आणि माहिती तपासणं चार तास, लिहिणं तीन, दुरुस्त्या एक. आठ तास. तासाला १५० रुपये. म्हणजे दर मोठा आणि कमाई कमी.

म्हणून पहिल्या दहा कामांचा तरी वेळ लिहून ठेवा. वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहा, पण लिहा. काम सुरू केलं कधी, उठलात कधी. दहा कामांनंतर तुम्हाला कळतं की शेतीचा मजकूर आपण झपाझप करतो आणि कायद्याचा मजकूर घेतला की कंबर मोडते. तुमचा भाव तिथून ठरवायचा. फेसबुकच्या ग्रुपवर 'सध्या रेट काय चाललाय' विचारून नाही. ज्या बाईंनी वीस वर्षं एलआयसीत काढलीत त्यांना विम्याचे शब्द तोंडपाठ असतात. त्यांना तोच दर परवडेल, मला परवडणार नाही. तुमच्या नोकरीतलं, घरातलं, शेतातलं जे ज्ञान आहे ना, ते इथे वेळ वाचवतं, आणि वेळ वाचला की दर वाढल्यासारखाच असतो.

भाषांतर पूर्णवेळ करणारी सराईत माणसं दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द धरतात. तुमच्याकडे नोकरी करून दोन तास असतील तर आज पाचशे शब्दांच्या वर वचन देऊ नका. तीन हजार शब्द 'उद्या सकाळपर्यंत' मागणारा माणूस तुमच्या झोपेचे पैसे देत नसतो.

एआय आल्यावर

याबद्दल सगळ्यात जास्त विचारता. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली तेव्हा आम्ही तिच्यावर हसायचो. आता हसू येत नाही. यंत्राचं मराठी वाचण्याजोगं झालंय, आणि त्यामुळे कामाचं स्वरूपच बदललंय. एजन्सी आता यंत्राने केलेलं भाषांतर पाठवते आणि म्हणते 'फक्त तपासून द्या'. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. दर अर्धा किंवा त्याहून कमी.

घ्यावं की नको? पुन्हा तासाचाच हिशोब. समजा दर ४० पैसे, हजार शब्दांचे ४०० रुपये. बँकेची नियमावली असेल, यंत्राने सत्तर टक्के बरं केलं असेल, तर दोन तासांत होतं. तासाला २०० रुपये, म्हणजे मघाच्या भाषांतरापेक्षा जास्तच. पण जाहिरातीचा मजकूर असेल, त्यात विनोद असेल, किंवा रुग्णाशी बोलायचं पत्रक असेल, तर प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा लिहावं लागतं. चार तास जातात. तासाला १००. म्हणून फाइल बघितल्याशिवाय 'फक्त तपासण्याच्या' कामाला हो म्हणू नका. आधी एक पान मागा, ते करून बघा, घड्याळ लावा, मग उत्तर द्या.

यंत्र अजून कुठे अडतं ते सांगते, कारण तुमची गरज तिथेच आहे. 'यू'चं 'तू' करायचं की 'तुम्ही' की 'आपण', हे त्याला कळत नाही. एकाच पानावर तिन्ही करतं. शेतकऱ्यासाठीच्या पत्रकात 'मृदा' लिहितं, 'माती' नाही. हिंदीचं वळण तर पदोपदी. 'मदत करतो' ऐवजी 'सहायता प्रदान करतो'. आशाताई गावात जाऊन हे वाचून दाखवणार आहेत, हे यंत्राला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं.

उलट बाजूही स्पष्ट बोलते. 'पाचशे शब्दांत हळदीचे फायदे' छापाच्या लेखांना आता कुणी पैसे देत नाही, देऊही नयेत. ज्यांचं सगळं काम त्याच प्रकारचं होतं त्यांचं उत्पन्न खरंच बसलंय. आणि गिऱ्हाइकाने 'एआय वापरू नका' म्हटलं असेल तर वापरू नका. गोपनीय कागद असेल तर त्याने न सांगताही, फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाकू नका.

एक मेल, काम सुरू होण्याआधी

कराराच्या नावाने लोक बिचकतात. छोट्या कामाला स्टॅम्पपेपर नको, पण एक मेल हवाच. फोनवर बोलणं झालं की अर्ध्या तासात पाठवायचा:

"नमस्कार. आपल्या बोलण्याप्रमाणे काम असे: प्रशिक्षण पुस्तिका, इंग्रजीतून मराठीत, मूळ फाइलमधले ४,२०० शब्द. दर शब्दाला ९० पैसे, एकूण ३,७८० रुपये. काम १८ तारखेला संध्याकाळी युनिकोडमध्ये देईन. एकदा दुरुस्त्या करून देणे यात धरले आहे, मूळ मजकूर बदलल्यास त्याचे वेगळे. बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे. हे बरोबर असल्यास कृपया 'ठीक आहे' एवढे कळवावे, म्हणजे सुरुवात करते."

तिकडून 'ओके' आलं की तुमच्याकडे पुरावा झाला. 'एकदा दुरुस्त्या' हे वाक्य विसरू नका, नाहीतर संचालक, मग त्यांचे भाऊ, मग ऑफिसमधले मराठी येणारे सगळे एकेक करून दुरुस्त्या पाठवतात. एक म्हणतो 'केले', दुसरा म्हणतो 'केलं'. म्हणून भाषा बोलीच्या अंगाने हवी की लेखी, हेही आधी विचारून घ्या.

युनिकोड मुद्दाम लिहिलंय. आपल्याकडे छपाईत श्रीलिपीसारखे जुने फाँट अजून चालतात. त्या फाँटमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडात लिहा, आणि 'दुसऱ्या'मधला 'ऱ्' नीट काढता येतो ना ते बघा. तो 'र्‍या'च्या जागी 'र्या' होऊन 'दुसर्या' दिसला की जाणकार गिऱ्हाईक तिथेच थांबतं. शुद्धलेखनाचं म्हणाल तर साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये आलेले ४. रोजच्या वापराला अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' जवळ ठेवा. नावाप्रमाणे खिशात मावतं.

मेलमध्ये आणखी एक ओळ कधी कधी लागते, ती हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही कुणाचे नोकर नसाल तर लिहिलेल्या लेखाचा पहिला हक्क साधारणपणे तुमचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. बटणांच्या भाषांतराला याचं काही नाही. पण कथा, ऑडिओमालिका, पुस्तक असलं काही असेल तर 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे' या शब्दांवर सही करण्याआधी थांबा. त्याची वेगळी किंमत असते, ती मागा.

पैसे येईपर्यंत

बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं नाव, शब्द, दर, पॅन, बँकेचा तपशील. बस.

एका कंपनीकडून वर्षाला मिळणारी व्यावसायिक फी ठरावीक रकमेच्या वर गेली की ती १० टक्के टीडीएस कापते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार झाली. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात. कापलेले पैसे बुडत नाहीत. आयकराच्या पोर्टलवर २६एएस बघा, तुमच्या नावावर जमा दिसतील. विवरणपत्र भरल्यावर कर कमी निघाला तर परत मिळतात. पण एक लक्षात ठेवा, लेखनाचं उत्पन्न पगारात धरत नाहीत, ते व्यवसायाचं. त्यामुळे नोकरदारांचा 'सहज' फॉर्म इथे चालत नाही. त्या वर्षी सीएला पाचशे-हजार द्या. जीएसटीची धास्ती मात्र नको, महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तिथवर पोचलात तर पेढे पाठवा.

आता पैसे थकवणाऱ्यांचं. 'अकाउंट्सला पाठवलंय', 'सर बाहेर आहेत', 'पुढच्या सायकलला होईल'. ही तीन वाक्यं ऐकून वर्ष जातं. फार कमी लिहिणाऱ्यांना माहीत असतं की सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा आपल्यालाही लागू होऊ शकतो. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट बऱ्याच आहेत, तिकडे जाऊ नका. नोंदणी असेल तर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लांब लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी, पैसे अडकल्यावर केलेली कामाला येत नाही.

तीन-चार हजारांसाठी तुम्ही परिषदेकडे जाणार नाही, मलाही माहितीय. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्सवाले त्या बिलाकडे वेगळ्या नजरेने बघतात. सूक्ष्म-लघु उद्योगांना वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करातून वजा दाखवता येत नाही, ही तरतूद आता आयकरात आहे. त्यांच्या सीएला ती पाठ असते.

परदेशी प्लॅटफॉर्म

थोडक्यात उरकते. फाइव्हरवर तुम्ही दहा डॉलरचं काम केलंत तर आठ तुमचे, २० टक्के त्यांचे. अपवर्कवर कमिशन कामानुसार बदलतं, आणि अर्ज करायलासुद्धा 'कनेक्ट्स' खर्च होतात, संपले की विकत घ्यायचे. शिवाय डॉलरचे रुपये होताना थोडं गळतं. तिथे मराठीची कामं येतात, पण रोज नाहीत, आणि एकेका कामाला गर्दी होते. प्रोझ ही भाषांतरकारांची जुनी साइट आहे. तिथे काम मिळण्यापेक्षा एखादी एजन्सी पैसे देण्यात कशी आहे, याबद्दल इतर भाषांतरकार काय म्हणतात ते वाचायला जा. आणि पेपाल भारतात देशांतर्गत पैशांसाठी एप्रिल २०२१ पासून बंद आहे, फक्त परदेशातून येणाऱ्यांसाठी चालतं. तेव्हा पुण्यातलं गिऱ्हाईक 'पेपालचा आयडी पाठवा' म्हणालं तर सावध व्हा.

आलेले दोन प्रश्न

"अनुभव नाही, तर नमुना काय दाखवू?" कामाची वाट बघू नका, नमुना स्वतः तयार करा. घरात पडलेलं कुठलंही इंग्रजी पत्रक घ्या. प्रेशर कुकरची पुस्तिका, औषधाबरोबरचा कागद. दोनशे-तीनशे शब्दांचं मराठी करा आणि मूळ शेजारी ठेवून एका पानावर लावा. असे तीन वेगळ्या विषयांचे नमुने झाले की एजन्सींना मेल करता येतो. एजन्सी चाचणी घेईल, ती २००-३०० शब्दांपर्यंत फुकट द्यायला हरकत नाही. कुणी 'चाचणी' म्हणून दोन हजार शब्द पाठवले, तर दहा उमेदवारांत वाटून फुकट पुस्तक करून घेण्याचा तो प्रकार असू शकतो. नम्रपणे सांगा: पहिले ३०० करून देते, पुढचे दराने.

"मी झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे, मला चालेल का?" सरकारी आणि अनुदानित नोकरीत आचारनियम असतात. अधूनमधून एखादा लेख, कविता लिहिणं आणि दरमहा बिल लावून एजन्सीचं काम करणं, या दोन गोष्टी त्या नियमांच्या लेखी एक नाहीत. आधी लेखी परवानगी मागा, अर्जाची पोच ठेवा. खासगी कंपनीत असाल तर नेमणूकपत्र काढून बघा, बाहेरचं काम करण्याबद्दल एक कलम बहुतेक असतंच. कामाची फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडू नका, जेवणाच्या सुट्टीतही नाही.

बिलाचा नमुना आणि वर दिलेला मेल कॉपी करता येईल अशा स्वरूपात बऱ्याच जणांनी मागितलाय. पुढच्या एपिसोडबरोबर तो देते. त्या एपिसोडमध्ये सबटायटल्सबद्दल बोलू: एका ओळीत किती अक्षरं, सेकंदाला किती, आणि मालवणी संवाद असला की काय करायचं. तोवर तुमच्या पहिल्या कामाचे तास मोजून मला कळवा. भेटू!